माज उतरविण्याची शस्त्रक्रिया

'माज' हा मराठीतला मोठा सोयीचा शब्द आहे. गाय माजावर येते, आणि चार पैसे हाती आलेला माणूसही माजतो. पहिल्या माजात दोष नाही. तो ऋतूचा धर्म. दुसरा माज हा स्वभावाचा दोष, तो उतरवावा लागतो, आणि उतरविण्यासाठी आपल्याकडे पूर्वापार काठी सांगितलेली आहे. दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदत असल्यामुळे बोलणाऱ्याच्या मनातही ते एकमेकांत मिसळून जातात. गायीच्या बाबतीत हा घोटाळा सहसा होत नाही, कारण तिचा माज दुधाच्या हिशेबात बसतो. कुत्रीच्या बाबतीत मात्र तो हमखास होतो. कुत्री गुरगुरली, दारातून मालकाच्या आधी बाहेर पडली, खुर्चीवरून उठेना, की "माजली आहे" असे म्हणतात. आणि त्याच दमात "ऑपरेशन करून टाका, म्हणजे उतरेल" असे सांगतात. उतरेल काय, तर माज. कोणता माज, हे विचारायची सोय नाही.

हे वाक्य मी निवृत्त इंजिनिअरांच्या तोंडून ऐकले आहे, दूधवाल्याच्या तोंडून ऐकले आहे, माणसांच्या एका डॉक्टरीणबाईंच्या तोंडून ऐकले आहे. प्रत्येक वेळी ते कुत्रीबद्दल बोलले गेले, कुत्र्याबद्दल कधीच नाही. आमच्या शेजारच्या इमारतीतला एक नर तीन माणसांना चावला, तेव्हा तो 'जरा रागीट' ठरला. त्याच्या मालकाला कुणी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला नाही. उलट, "राखणीला चांगला आहे" असे शिफारसपत्र मिळाले. मादी गुरगुरली की तिच्या शरीरातच काही बिघाड असला पाहिजे आणि तो कापून काढता आला पाहिजे, ही समजूत कुत्र्यांच्या आधी आपण कुणाकुणाला लावली आहे याचा इतिहास मी येथे उगाळत नाही. वाचकांना तो ठाऊक आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे मला भलत्याच पंगतीला कुणी बसवू नये. घरातल्या कुत्रीचे निर्बीजीकरण करावे, बहुतेक घरांत ते करावेच, असे माझे मत आहे, आणि माझ्या कुत्रीचे मी ते केले आहे. माझे भांडण शस्त्रक्रियेशी नाही; ती ज्या कारणासाठी सांगितली जाते त्या कारणाशी आहे. कारण चुकले की वेळ चुकते, वेळ चुकली की जनावर बिघडते, आणि बिघडलेल्या जनावराला लोक शेवटी रस्ता दाखवतात. हा क्रम मी पुण्यात एकाहून अधिक घरांत पाहिला आहे.

माझ्या कुत्रीचे नाव ठमी. जातीने गावठी, रंगाने कुळथासारखी. तिच्यावर आजवर जे आरोप झाले त्यांची जंत्री बरीच मोठी आहे. ती दारातून माझ्या आधी बाहेर पडते. तिला आरामखुर्ची आवडते. हाड चघळत असताना कुणी जवळ गेले की ती ओठ वर करते. खांब दिसला की नराप्रमाणे एक पाय उचलून मुतते; आणि एकदा तर पाहुण्यांच्या पिल्लावर ती मागून चढली, तेव्हा पाहुण्यांच्या सूनबाईंनी नजर खिडकीकडे वळवली. या पाचही गोष्टींवर एकच निदान मला ऐकविण्यात आले : कुत्री स्वतःला घरातली मुख्य समजते.

आता दारातून ती आधी पडते, कारण बाहेर शंभर वास आहेत आणि आत मी आहे. आरामखुर्ची तिला आवडते, कारण ती मलाही आवडते. हाडावर ती गुरगुरते, कारण हाड जाईल अशी तिला भीती वाटते; राज्याभिषेक झालेल्या प्राण्याला असली भीती वाटण्याचे कारण नाही. पाय उचलून मुतणाऱ्या माद्या पुष्कळ असतात. मूत म्हणजे त्यांचे पत्र. ते जरा उंचावर लावले तर अधिक नाकांना वाचता येते, इतकेच. पिल्लावर चढणे हे खेळात होते, आनंद अनावर झाला तर होते, गोंधळ उडाला तरी होते. त्यात कामवासनाही नसते आणि राजकारणही नसते. पाच निराळ्या गोष्टींना पाच निराळी कारणे असताना त्यांवर एकच शब्द चिकटवायचा आणि मग त्या शब्दावर औषध शोधायचे, याला निदान म्हणत नाहीत.

हा शब्द आला कुठून, तेही पाहण्यासारखे आहे. नॉर्वेच्या थॉरलीफ शेल्डरुप-एब्बे याने १९२०च्या सुमारास कोंबड्यांच्या खुराड्यातली चोचीची उतरंड वर्णन केली : कोणती कोंबडी कोणाला टोचते आणि कोणाचे टोचणे मुकाट्याने सोसते. कोंबड्यांपुरते ते ठीकच होते. पुढे स्वित्झर्लंडमध्ये रुडॉल्फ शेन्केल याने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास १९४७ साली प्रसिद्ध केला. एकमेकांशी नाते नसलेले लांडगे एका लहानशा आवारात कोंडलेले. कुणाला दूर निघून जायची सोय नाही. ते भांडले, आणि भांडणातून जो नर व जी मादी वर आली त्यांना पुढाऱ्यांचा मान मिळाला. अनोळखी माणसांना एका कोठडीत वर्षभर कोंडून जे दिसेल त्याला 'मराठी कुटुंबव्यवस्था' असे नाव द्यावे, तसाच हा प्रकार. पण कल्पना आकर्षक होती. अमेरिकेत डेव्हिड मेक याने १९७० साली लांडग्यांवर लिहिलेल्या पुस्तकातून ती घरोघर गेली, आणि लांडग्यावरून कुत्र्यावर उतरायला तिला फारसा वेळ लागला नाही.

पुढचा भाग मात्र घरोघर गेला नाही. हाच मेक १९८६ पासून अनेक उन्हाळे कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समीर बेटावर, मोकळ्या लांडग्यांजवळ राहून त्यांना पाहत होता. १९९९ साली त्याने लिहिले की लांडग्यांचा कळप म्हणजे साधे कुटुंब : आई, बाप आणि त्यांची एकदोन वर्षांची मुले. मुले आईबापांचे ऐकतात, ती आईबाप आहेत म्हणून. गादीसाठी तेथे रोज कुस्ती होत नाही. आपले जुने पुस्तक यापुढे छापू नये, असेही तो प्रकाशकांना सांगत राहिला. शास्त्रज्ञाने आपला शब्द जाहीरपणे मागे घेतला, आणि आमच्या गल्लीतले सद्गृहस्थ तो अजून वापरीत आहेत! प्राणिशास्त्रात 'वर्चस्व' हा शब्द अजून आहे, पण त्याचा अर्थ फार मर्यादित आहे. दोन विशिष्ट प्राण्यांमध्ये, विशिष्ट वस्तूवरून, कोण वारंवार माघार घेतो, एवढेच तो सांगतो. तो त्या दोघांच्या संबंधाचा गुण आहे. एकट्या प्राण्याच्या अंगात भरलेला तो विंचवाच्या विषासारखा पदार्थ नव्हे, की नांगी कापली आणि निघून गेला.

या शब्दाचा बाजारही आहे. आमच्या खालच्या मजल्यावर एक कुत्री आहे. तिला वळण लावायला तासावर पैसे घेणारा एक शिक्षक येत असे. त्याने एके दिवशी अंगणात सर्वांसमक्ष तिला उताणी पाडली आणि मानेवर हात दाबून धरला. ती थरथरली, मुतली, मग गप्प झाली. "बघा, शरण आली," असे तो म्हणाला. ही युक्ती त्याच्या डोक्यातून निघालेली नव्हती. अमेरिकेतल्या न्यू स्केट मठातल्या साधूंनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात ती लोकांना शिकवली आणि पुढच्या आवृत्तीत स्वतःच काढून टाकली. शिक्षकाला पहिली आवृत्ती पोचली होती, दुसरी नव्हती. ती कुत्री त्यानंतर कित्येक आठवडे किल्ल्यांचा आवाज ऐकला की पलंगाखाली जाई, आणि तेथून कुणी ओढू लागले की दात दाखवी. म्हणजे ती अधिकच 'माजली', आणि आता ऑपरेशनला पर्याय नाही असे ठरले.

तेव्हा ऑपरेशन काय करते ते पाहू. आधी नाव. लोक 'नसबंदी' म्हणतात, पण नसबंदीत नळी बांधतात आणि बीजकोश जागच्या जागी राहतो. कुत्रीच्या शस्त्रक्रियेत बीजकोश काढतात, आणि बहुधा गर्भाशयही काढतात. म्हणजे पिल्ले तर थांबतातच, पण ज्या ग्रंथींतून मादीचे ऋतुचक्र चालते त्याच जातात. वर्षातून साधारण दोनदा येणारा तीनेक आठवड्यांचा माज थांबतो, फरशीवरचे डाग थांबतात, फाटकाशी रात्रभर रडणारे उमेदवार हळूहळू आपापल्या गावी जातात. पहिल्या अर्थाचा माज या शस्त्रक्रियेने खरोखरच उतरतो. दुसऱ्या अर्थाच्या माजाची ग्रंथी शरीरात कुठे आहे हे मला अद्याप कुणी दाखवलेले नाही. भीती बीजकोशात नसते. हाडाची राखण बीजकोशात नसते. किल्ल्यांच्या आवाजाची आठवण तर नसतेच नसते.

आणि येथे वेळेचा मुद्दा येतो, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. माज ओसरल्यावर कुत्रीच्या शरीरात सुमारे दोन महिने प्रोजेस्टेरॉन वाहत असते, मग ती गाभण असो वा नसो. हे कुत्र्यांच्या जातीचे वैशिष्ट्य आहे. हे प्रमाण उतरू लागले की प्रोलॅक्टिन चढते, आणि पुष्कळ माद्यांना खोटे गाभणपण येते. ती पलंगाखाली घर करते, चपला आणि रबरी चेंडू गोळा करून पोटाशी घेते, कधी तिला दूधही येते. आणि त्या चपलेला कुणी हात लावला की ती गुरगुरते. चपलेवर जीव टाकणारी ही बिचारी त्या दिवसांत घरातल्या सर्वांना उद्दाम वाटते. नेमके याच वेळी लोक डॉक्टरकडे धावतात. त्या अवस्थेत बीजकोश काढले तर प्रोजेस्टेरॉन एकाएकी कोसळते, प्रोलॅक्टिन उसळते, आणि जी खोटी आई तीन आठवड्यांत आपोआप चप्पल विसरली असती, तिचे ते आईपण महिनोन् महिने रेंगाळू शकते. म्हणूनच जाणते पशुवैद्य सांगतात की माज संपल्यावर सुमारे तीन महिने थांबा, शरीर शांत होऊ द्या, मग या. "माज उतरवायचा आहे" असे म्हणत आलेल्या माणसाला तीन महिने थांबणे म्हणजे कुत्रीपुढे हार खाणे वाटते. कारण चुकले की वेळ चुकते असे मी वर म्हटले, ते यासाठी.

ब्रिटनमध्ये व्हॅलरी ओफॅरेल आणि एरिका पीची यांनी १९९० साली याच प्रश्नावरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या दीडशे माद्या आणि न झालेल्या दीडशे यांची त्यांनी तुलना केली. घरच्या माणसांवर गुरगुरण्याचे प्रमाण शस्त्रक्रिया झालेल्यांत वाढलेले आढळले. आणि सर्वांत अधिक धोका कोणाला, तर वर्षाच्या आत असलेल्या, आणि आधीपासूनच गुरगुरणाऱ्या, लहान माद्यांना. म्हणजे जिला माज उतरवायला म्हणून उचलून नेतात, नेमकी तीच! यावर कुणी म्हणेल की हा अभ्यास मालकांच्या उत्तरांवर बेतलेला आहे. आहे. त्यानंतर झालेल्या पाहण्यांपैकी काहींत असा फरक दिसला, काहींत दिसला नाही, हेही खरे. मी एवढेच म्हणते की "ऑपरेशन केले की स्वभाव निवळतो" हे वाक्य ज्या खात्रीने उच्चारले जाते, त्या खात्रीला कुठेच आधार नाही. एक अपवाद मी मोकळेपणाने मान्य करते. एका घरात दोन माद्या असतील आणि त्यांची जुंपते ती माजाच्या दिवसांतच, तर शस्त्रक्रियेने फरक पडण्याची आशा धरता येते. दोन माद्यांची भांडणे वाईट असतात, नरांच्या आरडाओरड्यापेक्षा पुष्कळदा अधिक रक्त काढणारी. पण तेथेही आधी पंचांग पाहावे लागते : भांडण कोणत्या दिवशी झाले, कशावरून झाले, आणि त्या वेळी माजावर कोण होती.

आता दुसऱ्या पंगतीकडे वळते, कारण पहिल्या पंगतीला टाळ्या वाजवणारे लोक बहुधा तेथेच बसलेले असतात. "एकदा तरी आई होऊ द्या हो तिला!" असे म्हणताना त्यांचा कंठ दाटून येतो. एका वेतानंतर कुत्री शांत होते, पोक्त होते, आजार होत नाहीत, असे ते सांगतात. यांतल्या एकाही गोष्टीला वैद्यकात आधार नाही. कुत्रीला आईपणाची हुरहूर लागून राहते हे तर सरळसरळ आपले पदर तिच्या खांद्यावर टाकणे आहे. माद्यांनी माजू नये असे म्हणणारे आणि माद्यांनी आई व्हावेच असे म्हणणारे, या दोघांचे घराणे एकच. दोघांनाही समोरचे जनावर दिसत नाही. बाईने कसे असावे याचे चित्र दिसते.

आणि होऊ द्या म्हणणारे पुढचा हिशेब करीत नाहीत. कुत्र्यांचा ऋतू म्हणजे भाद्रपद, हे आपल्या पूर्वजांनी म्हणींत आणि शिव्यांत नोंदवून ठेवले आहे. घरात वाढलेली मादी वर्षात केव्हाही माजावर येते, पण रस्त्यावरच्या माद्या बहुतांशी पावसाळ्याच्या उताराला येतात. भाद्रपदात धरलेला गर्भ त्रेसष्ट दिवसांनी बाहेर येतो, म्हणजे कार्तिकात. वाचक हा अंक उघडतील त्या सुमारास, आपण भुईनळे लावीत असताना, कुठल्या तरी जिन्याखाली पिल्ले डोळे मिटून पडलेली असतील. त्यांचे पुढे काय होते ते अंदाजाने बोलायची गरज नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या रस्त्यांवर ९५ वेतांतल्या ३६४ पिल्लांचा मागोवा घेतला आणि तो २०१६ साली प्रसिद्ध केला. वयात येईपर्यंत जगली ती १९ टक्के. जी मेली त्यांतल्या ६३ टक्के मृत्यूंना कुठे ना कुठे माणूस कारण होता : गाडी, मार, विष, किंवा उचलून नेणे. पाळीव कुत्रीच्या पिल्लांची कथा निराळी असते असे समजू नका. नर पिल्ले ओळखीत खपतात. "मादी असली तर नको" असे फोनवर सांगणारे मी स्वतः ऐकले आहेत. उरलेल्या माद्या मंडईमागे, देवळापाशी किंवा टेकडीच्या पायथ्याशी 'सोडल्या' जातात. आईपणाचा सोहळा तेथे संपतो.

मग शस्त्रक्रिया करायची ती का? तिच्या शरीरासाठी करायची, आणि जी पिल्ले आपण सांभाळणार नाही ती जन्मू नयेत म्हणून करायची. वयस्क मादीच्या गर्भाशयात पू होतो. माजानंतर महिना दीड महिन्याने ती खाईनाशी होते, पाणी फार पिते, आणि वेळीच उघडले नाही तर मरते. स्वीडनमध्ये कुत्र्यांचा विमा उतरवण्याची पद्धत असल्यामुळे तेथली मोजदाद चांगली आहे. तेथे दहा वर्षांच्या होईपर्यंत जवळजवळ चारांतल्या एका मादीला हे दुखणे झालेले आढळले. स्तनांच्या गाठींबद्दल १९६९ चा एक अमेरिकन अभ्यास सगळे सांगतात : पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया केली तर अर्धा टक्का, पहिल्यानंतर आठ, दुसऱ्यानंतर सव्वीस. हे आकडे शस्त्रक्रिया न झालेल्या मादीच्या तुलनेत उरलेल्या धोक्याचे आहेत, शंभरांतल्या किती माद्यांना गाठ झाली याचे नव्हेत. दवाखान्यातल्या भिंतीवरच्या तक्त्यात हा फरक बहुधा गळलेला असतो. २०१२ साली इंग्लंडमध्ये या विषयावरच्या सगळ्या अभ्यासांची फेरतपासणी झाली, तेव्हा हा पुरावा वाटतो तितका भक्कम नाही असे निघाले. दुसऱ्या पारड्यातही वजन आहे. काही माद्यांचे पुढे मुतावरचे नियंत्रण सुटते, अंग सुटते, आणि मोठ्या जातींत फार लहानपणी शस्त्रक्रिया केली तर सांध्यांची दुखणी वाढतात. तेव्हा लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड आणि पंधरा किलोंची गावठी यांना एकच मुहूर्त सांगणाऱ्याकडे जाऊ नये.

ठमीची शस्त्रक्रिया मी तिच्या दुसऱ्या माजानंतर तीन महिने मोजून करवली. दहा दिवस तिने गळ्यात प्लॅस्टिकचे नरसाळे घालून प्रत्येक दाराला धडक दिली. आज ती हाडावर पूर्वीइतकीच गुरगुरते. मी हाड हिसकावत नाही. सुक्या बोंबलाचे डोके पुढे करते. ती हाड टाकते, बोंबील घेते, आणि मग हाडही परत मिळते असे पाहून आता गुरगुरण्याआधी माझ्या हाताकडे बघते. यात कोण कोणावर वर्चस्व गाजवतो, याचा निवाडा मी वाचकांवर सोपवते. आरामखुर्चीचा वाद अद्याप चालू आहे.

घरातल्या कुत्रीचे हे झाले. पण 'माज' या शब्दाचा खरा फटका बसतो तो गल्लीतलीला. तिच्यासाठी बोंबील हातात धरून कुणी उभे नसते.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना धरून शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची आणि जेथून उचलले तेथेच आणून सोडायचे, हा नियम केंद्र सरकारने २००१ साली केला आणि २०२३ साली तो नव्याने केला. तो शहाणपणाचा आहे. जयपुरात 'हेल्प इन सफरिंग' या संस्थेने १९९४ पासून हे काम नेटाने केले, आणि त्या काळात तेथे माणसांना कुत्रे चावण्याच्या घटना कमी झाल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. का कमी झाल्या? माद्यांचा माज उतरला म्हणून नव्हे. जिला पिल्ले नाहीत तिला पिल्लांसाठी कुणावर धावून जावे लागत नाही, म्हणून. व्यालेल्या कुत्रीच्या वाटेत आलेला शाळकरी पोर चावला जातो, हे जिन्याखाली कुत्री व्यालेल्या प्रत्येक वाड्याला माहीत आहे. ते भय खोटे नाही. जगात रेबीजने मरणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश माणसे आपल्या देशात मरतात, आणि त्या भीतीची टिंगल करणाऱ्यांपैकी मी नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली सगळी भटकी कुत्री उचलून कोंडवाड्यात ठेवा असा आदेश ११ तारखेला दिला, आणि २२ तारखेला तो बदलून, शस्त्रक्रिया व लस झाल्यावर कुत्री जागच्या जागी सोडावीत, मात्र रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री सोडू नयेत, असे सांगितले. रेबीज कळतो. आक्रमक कोण हे ठरवायचे कुणी? गल्लीत ते ठरवतो तो, ज्याला कुत्री नको असते.

आमच्या फाटकाशी काळी नावाची एक कुत्री राहते. तिच्या कानाला खाच आहे, म्हणजे महापालिकेच्या गाडीतून ती कधीच जाऊन आली आहे. स्कूटरवरून सामान पोचवणाऱ्या पोरांवर ती भुंकते. गेल्या श्रावणात सोसायटीच्या सभेत ठराव आला की काळी आक्रमक असल्यामुळे तिला कायमची हलवावी. कारण असे मांडले : "ऑपरेशन होऊनही तिचा माज उतरलेला नाही." वाचकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. शस्त्रक्रियेने जे होणारच नव्हते ते झाले नाही, हा कुत्रीचा अपराध ठरला.

मी सभेत महाभारताचा आरंभ सांगितला. जनमेजय आपल्या तीन भावांसह कुरुक्षेत्रावर सत्र करीत बसला असता तेथे एक कुत्रा आला, देवांच्या सरमेचा मुलगा. भावांनी त्याला मारून हाकलले. तो रडत आईकडे गेला. आईने विचारले, तू काही आगळीक केलीस का? तो म्हणाला, मी हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तेव्हा सरमा उठून त्या यज्ञमंडपात गेली आणि भर सभेत तिने राजाला विचारले की याचा अपराध काय होता. ऋग्वेदात हीच सरमा पणींनी देऊ केलेले बहिणीचे नाते आणि गाईंतला वाटा नाकारून आपले काम करून येते. पण मला ही सभेत उभी राहणारी अधिक आवडते. कुणीच उत्तर दिले नाही. तिने मग शाप दिला, आणि जनमेजय त्या शापाला घाबरून पुरोहित शोधीत हिंडला. एवढे मोठे ग्रंथराज एका कुत्रीच्या प्रश्नाने सुरू होते, हे व्यासांना कमीपणाचे वाटले नाही.

मग मी अध्यक्षमहाशयांना तीन गोष्टी विचारल्या : काळी कुणाला चावली, केव्हा चावली, आणि त्या आधी काय घडले होते. एक गृहस्थ म्हणाले, चावली नाही, पण बघते कशी ते बघा. दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, माझ्या नातवावर ती कधी भुंकत नाही हे खरे आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कुणीच दिले नाही. स्कूटरवरचा एक पोरगा तिला रोज पायाने ढोसून जातो, हे फाटकावरच्या रखवालदाराने दाराशी उभ्या उभ्या सांगितले. तो सभासद नसल्यामुळे त्याचे म्हणणे लिहून घेण्यात आले नाही. इतिवृत्तात 'विषय तहकूब' एवढी नोंद आहे. पुढची सभा दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आहे, आणि रखवालदाराला बोलू द्यावे असा लेखी अर्ज मी आगाऊ देऊन ठेवला आहे.